गाडीचं आवतन

पोळा जवळ आला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. हे पूर्वीचं नाही, गेल्या वर्षापासूनचं आहे. डाव्या हाताची बाही उजव्याला लावते, गिऱ्हाईक बायांवर उगाच खेकसते आणि मग त्यांनाच मला समजवावं लागतं, "असू दे वो, होते असं." सावली गावात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान कसलं, घराचीच रस्त्याकडची खोली. धानाची रोवणी आटोपली की बायांचे हात मोकळे होतात आणि सणासुदीचे ब्लाऊज येऊन पडतात. कामाचा हा एवढा ढीग, आणि मी हातात कात्री धरून बाहेर बघत बसलेली असते.

परवा बाजारात गेले तर एक बाई टोपलीभर परसाची पानं घेऊन बसली होती. पळसाला आमच्याकडं परस म्हणतात. पानं ताजी, पंजाएवढी रुंद, पावसानं धुतलेली. मी पुढं जाऊन उभी राहिले आणि नुसती बघतच राहिले.

"घेऊन जा वो बाई, खांदशेकनीले," ती म्हणाली.

"माझ्या घरी बैल नाईत."

"मंग एवढी काऊन पाहून राह्यली?"

पानं घेतली, पिशवीत टाकली आणि घरी आले. रस्त्याच्या कडेला लाकडी नंदी मांडलेले होते, पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे, चाकांवरचे, शिंगांना बेगड लावलेले. एका पोरीनं आईचा पदर ओढून ओढून नंदी मागितला आणि आईनं तिला एक धपाटा दिला. मला त्या पोरीचा उगाचच राग आला. एवढंसं लाकूड हवं म्हणून काय रडायचं! आणि मग चालता चालता माझेच डोळे भरून आले.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून वाहून ते खांदे सोलून निघालेले असतात. त्यांवर तूप नि हळद चोळायची, परसाची पानं निखाऱ्यावर गरम करून त्यांवर ठेवायची, आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माणसाला लग्नाचं आवतन देतात तसंच हे. दिलं की दिलं. दुसऱ्या दिवशी बैल सजतात, तोरणाखाली उभे राहतात, झडत्यांची गाणी होतात, आणि घरी आल्यावर पाय धुऊन त्यांना पुरणाची पोळी चारतात. बैल जेवल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. आता घरोघरी ट्रॅक्टर आले. पोळ्याला त्यांनाच फुगे नि माळा बांधतात. बांधोत बापडे. पण ट्रॅक्टरच्या कानाशी वाकून बोलताना मी अजून तरी कुणाला पाहिलं नाही.

खोटं कशाला बोलू, लोखंडाच्या कानाशी वाकलेला एक माणूस मला ठाऊक आहे. तो माणूस माझे बाबा.

बाबा फौजेत होते. रणगाडा चालवायचे. वैनगंगेच्या काठी वाढलेला, नदीत म्हशींबरोबर पोहणारा पोरगा भरतीला गेला आणि नशीब बघा, त्याला मिळाला तो पाण्यात पोहणारा रणगाडा. हलका, चपटा, नावेसारखा तरंगणारा. बाबा त्याला रणगाडा कधीच म्हणत नसत. 'गाडी' म्हणत. गाडीत तिघं. पुढं खाली एकटे बाबा, वर तोफेजवळ दफादारसाहेब आणि मुरुगन. दफादारसाहेब हरयाणाकडचे, मिशीवाले, या दोघांचे वरिष्ठ. मुरुगन तामिळ, तोफ भरायचा, बाबांच्याच वयाचा. एकाहत्तरच्या लढाईत ही गाडी पूर्वेकडं होती, नद्यांच्या मुलखात. तिघं गेले आणि दोघं परत आले. एवढंच आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढं विचारलं की बाबा गोठ्यात जाऊन बैलांना पाणी दाखवायचे, ते नुकतंच पिऊन झालेलं असलं तरी.

आणखी एक गोष्ट ठाऊक होती. पोळ्याच्या दिवशी बाबा पुरणपोळी खात नसत. बैलांना स्वतःच्या हातानं चारायचे, आम्हाला वाढायचे, आणि स्वतः ताटात भात-वरण घेऊन बसायचे. आई कुरखेड्याकडची, तोंडानं फटकळ. दर पोळ्याला म्हणायची, "माह्या हातचं गोड लागत नसल तं सांगून टाका एकदाचं." बाबा हसायचे. आई गेली, तिला कारण कळलंच नाही. माझा संसार मोडला, मी लेकीला, केतकीला घेऊन बाबांकडं परत आले, बैलजोडी म्हातारी होऊन गेली, गोठ्यात सायकल आणि सरपण आलं, तरी बाबांचा पोळ्याचा भात काही सुटला नाही.

गेल्या वर्षी रोवणी संपता संपता केतकीनं पुण्याहून एक डबा पाठवला. ती तिकडं नोकरी करते. आजोबांचं विसरणं वाढलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना हाताला काहीतरी काम द्या, आवडीचं बोलतं करा. डब्यात प्लास्टिकचा रणगाडा होता, सुट्या भागांचा, जोडायचा. आजोबांचा होता त्याच जातीचा, तळहातापेक्षा थोडा मोठा. डब्यावरच्या चित्रात तो बर्फात उभा होता. बाबांनी चष्मा लावून चित्र कितीतरी वेळ पाहिलं आणि डबा माझ्याकडं सरकवला.

"ही माही गाडी नोहे."

"बाबा, तसलीच आहे ना पण!"

"तसली हाय. माही नोहे."

मी चिडले. त्या भागांचे आकडे मुंगीएवढे, एक भाग जोडून पाहिला तर डिंक बोटांना चिकटलेला, पोरीनं एवढ्या प्रेमानं पाठवलेलं. म्हटलं, खेळणं ते खेळणं, त्यात तुमचं काय नि दुसऱ्याचं काय! बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्यात त्यांचा तळ सीमेजवळ पडला होता. लढाई होणार हे सगळ्यांना दिसत होतं, कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी चंद्र बघून हिशेब केला, उद्या पोळा. घरी बैल, गावात तोरण, आणि आपण इथं चिखलात. त्यांनी फौजेच्या लंगरमधून हळद नि तूप मागून आणलं. परस मिळाला नाही, केळीचं पान मिळालं. तेच इंजिनावर गरम केलं आणि गाडीचे खांदे शेकायला बसले. पुढच्या बाजूला, दोन्हीकडं, लोखंडी पट्टा जिथं खालून वर चढतो, ते तिचे खांदे.

"मुरुगन लय हासला," बाबा म्हणाले. "म्हने, भाऊ, ये बैल है क्या? मी म्हनलो, बैल नाई तं का हाय? आपल्याले पाठीवर घेऊन चिखलातून हेच ओढते ना? मंग तो आपल्या गावचं सांगू लागला. त्याच्या गावातबी बैलाले गोड भात चारते, संक्रांतीच्या बाजूले. म्हने, कल मैं पकाऊंगा. त्यानं गूळ आनला, तांदूळ आनले, गाडीखाली झाकून ठेवले. दफादारसाहेबबी आले, त्यायनं चिमूटभर हळद लावली. मंग मी आवतन देलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"मग?"

"मंग का? पहाटेच हुकूम आला. गाड्या काढा. गूळ तथीच राह्यला, तांदूळ तथीच राह्यले. मांगं वळून पाहाले टाइम नाई भेटला. मंग रोजचंच निघनं, रोजचंच चालनं. आन् थंडीत नदी आली." बाबांनी डोळे मिटले. "आवतन देऊन जेवू नाई घातलं, सुमे. उपाशी बैल नदीत घातला मी. तथीच मुरुगन गेला."

असं काही नसतं बाबा, गोळी ही गोळी असते, असं म्हणता आलं असतं. म्हटलंही असावं. पण मी या मुलखातली बाई आहे. आवतन दिलेला पाहुणा उपाशी गेला तर घराला काय वाटतं, ते मला पुण्यामुंबईच्या माणसासारखं हसण्यावारी नेता येत नाही.

"मग आता जेवू घालू ना," मी म्हटलं. "पोळा येतोच आहे."

"म्हनूनच सांगून राह्यलो. दुसऱ्याच्या बैलाले चारून आपल्या बैलाचं पोट भरते का? माही गाडी माही दिसली पायजे."

तर असं ते काम सुरू झालं. पोळ्याच्या आत ती गाडी बाबांची करायची होती, आणि ती कशी होती हे ज्या एका डोक्यात होतं, ते डोकं रोज थोडं थोडं रिकामं होत होतं. शिलाईची यंत्रं झाकून ठेवली. बायांना सांगितलं, पोळ्याचे ब्लाऊज आता दसऱ्याला. शिव्या खाल्ल्या.

बाहेर झड लागलेली असायची. अंगणातल्या दोडक्याच्या वेलाला पिवळी फुलं, शेतातल्या बांध्यांमध्ये धान गुडघाभर, भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास. आम्ही दोघं दाराशी उजेडात बसायचो, मध्ये सुपात रणगाड्याचे भाग. सुपात यासाठी की एखादा भाग घरंगळला की तो भुईच्या भेगेत जायचा आणि बाबा मला फौजी हिंदीत झापायचे, "फौज में कोई चीज फालतू नहीं होती!" मी म्हणायची, ही फौज नाही, माझी ओसरी आहे.

पहिलं भांडण रंगावरून. डब्यासोबतचा हिरवा रंग लावला तर बाबा म्हणाले, "हा तं पोपट झाला वो." त्यात काळा मिसळला, तपकिरी मिसळला, हळूहळू तो शेवाळलेल्या खापरासारखा झाला तेव्हा त्यांनी मान हलवली. मग तोफेचं तोंड. डब्यातल्या तोफेला टोकाशी एक जाड बोंडूक होतं. बाबा म्हणाले, नाही, आपल्या गाडीच्या तोफेला टोकाशी बासरीवानी फटी होत्या, ओळीनं. मी ते बोंडूक ब्लेडनं कापलं, जुन्या पेनाच्या कांडीचा तुकडा घेतला, सुई मेणबत्तीवर तापवून तापवून त्यात फटी पाडल्या. ब्लाऊजला काजं करून करून माझी नजर गेलेली, पण हात अजून शाबूत आहे. रात्री केतकीचा फोन.

"आई, फोटोंमध्ये तसं तोंड दिसत नाही गं मला. एका ठिकाणी चौकात तसाच टँक ठेवलाय, त्याचा फोटो पाठवते."

"तो तुझ्या आजोबांचा आहे का?"

"नाही, पण..."

"मग राहू दे चौकातच."

बोलायला काय जातंय! माझ्याही मनात पाल चुकचुकत होती. कारण एका दिवशी बाबांनी ठामपणे सांगितलं की एका बाजूला सात चाकं होती. फोटोत सहा, डब्यात सहा, सातवं लावायला जागाच नाही. मी पुढचा भाग हातात घेतला, आणि संध्याकाळी ते स्वतःच विसरले. म्हणजे बासरीच्या फटी खऱ्या होत्या की त्याही अशाच? मागं बांधलेल्या डिझेलच्या जास्तीच्या टाक्या खऱ्या की आणखी कुणाच्या गाडीच्या? मला आजही ठाऊक नाही. ते सांगू शकणारं दुसरं कुणी उरलं नाही. टाक्या मी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बारीक बाटल्यांच्या केल्या आणि बाबा मला तसेच दटावत राहिले, "नीट बांध, खड्ड्यात पडते ते."

दोरखंड मी शिवणाच्या दोऱ्याचा वळला, मेण लावून. मांजरपाटाच्या चिंध्या चहात बुडवून तीन वळकट्या केल्या, कुणाची कुठं बांधायची ते बाबांनी बोट ठेवून दाखवलं. मुरुगनची वळकटी इंजिनाच्या जाळीजवळ, कारण त्याला थंडी सोसत नसे. पुढच्या बाजूला पाणी अडवायची एक फळी असते, पाण्यात उतरताना उभी करायची. तिचा डावा कोपरा वाकलेला होता, फणसाच्या झाडाला धडकून. "कोणी धडकवली?" मी विचारलं. बाबा पोरासारखे लाजले. मी तो कोपरा मेणबत्तीवर धरून हळूच वाकवला, आणि ते टाळी देऊन हसले. त्या पावसाळ्यात ते असे मोकळे हसलेले मला तेवढेच आठवतात.

आमच्या दारावरून सूरजागडच्या खाणीतले लोखंडाचे दगड भरलेले ट्रक जातात. ते गेले की भिंतीवरचं फडताळ थरथरतं. सुपातले भाग खुळखुळायचे आणि बाबा मान वर करून म्हणायचे, "आपल्याच गाड्या होय. निघाल्या का?" मी आधी सांगायची, ट्रक आहेत बाबा. नंतर नंतर म्हणायची, निघाल्या, पण आपली नाही निघाली, आपलं काम बाकी आहे. त्यानं ते शांत व्हायचे. माझं मन मात्र तुटायचं. माणूस आपल्यासमोर बसलेला असतो, त्याची नखं आपणच कापलेली असतात, आणि तो आपल्याला सोडून कुठंतरी पुढं निघालेला असतो. दफादारसाहेबांचं नाव आधी गेलं. मग जिथं तळ होता त्या गावाचं नाव गेलं. मग आईचं नाव गेलं आणि त्या दिवशी मी चुलीशी बसून तोंडात पदर कोंबून रडले. मुरुगन मात्र जात नव्हता.

शेवटचा अडला तो वरच्या झाकणाचा प्रश्न. तोफेच्या घुमटावर एकच मोठं झाकण असतं, दोघांच्या डोक्यांवर मिळून. ते उघडं चिकटवायचं की बंद, एवढंच ठरवायचं होतं. नदीत मुरुगन गेला तेव्हा कसं होतं ते मी विचारलं. विचारायला नको होतं.

"उघडं होतं," बाबा म्हणाले. "आत लय गरम होऊन राह्यलं होतं. उघडं होतं म्हनून त्याले लागलं."

मी झाकण उघडं लावायला डिंक घेतला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बंद होतं ना वो. बंद होतं म्हनून त्याले निघता नाई आलं." तिसऱ्या दिवशी परत उघडं. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज तसाच, डोळे तसेच. शेवटी म्हटलं, मरू दे तो डिंक. झाकण नुसतं वर ठेवलं, न चिकटवता. बाबांच्या डोक्यावरचं पुढचं छोटं झाकण मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणं बंद करून पक्कं चिकटवलं. पाण्यात उतरताना चालकाचं झाकण बंदच असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस उघडला. वैनगंगेचा गाळ मी ओढणीतून गाळून ठेवला होता, त्यात डिंक कालवून पट्ट्यांना लावायला घेतला तर बाबा म्हणाले, तिकडची माती काळी होती. मग त्यात काजळी मिसळली. गाडी झाली. बाबांनी ती दोन्ही हातांत घेतली, फिरवली, नाकाजवळ नेली.

"हे माही," ते म्हणाले.

फोनवर केतकी होती. मी तिला म्हटलं आता हळद लावायची आहे. ती म्हणाली, "अगं आई, रंगावर डाग पडेल. आणि हे कुठल्याच पुस्तकात नसणार." मी म्हटलं, "पुस्तकवाले तिथं नव्हते, तुझे आजोबा होते." पोरगी हळूच म्हणाली, "कॅमेरा लाव ना, मला पण बघायचंय."

संध्याकाळी मी शेजारून परसाची पानं आणली, निखारे केले. बाबा आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसले. त्या दिवशी त्यांचं सगळं जागेवर होतं. माझं नाव, आईचं नाव, सगळं. त्यांनी बोटाच्या टोकानं तूप-हळद घेतली आणि गाडीच्या दोन्ही खांद्यांना लावली. पानाचा गरम तुकडा ठेवला, उचलला, परत ठेवला. एवढी छोटी गाडी आणि एवढा मोठा हात. मग ते वाकले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि झाकणाशी तोंड नेऊन आणखी हळू म्हणाले, "तूबी ये रे मुरुगन. गूळ हाय."

मी उठून आत गेले. परातीत डाळ भिजवत ठेवली. इतकी वर्षं थांबलेलं जेवण उद्या होणार होतं आणि मग माझे बाबा पुरणाची पोळी खाणार होते. मला फक्त तेवढंच हवं होतं. देवाकडं मी त्या वर्षी दुसरं काही मागितलं नाही.

सकाळी पुरण शिजलं. बाबा उठून ओसरीवर बसले. मी पोळ्यांचं ताट तिथं नेऊन ठेवलं आणि तूप आणायला आत वळले. परत येते तर बाबांच्या हातात पोळी, तोंडात घास. अर्धी पोळी संपलेली.

"बाबा!"

"गोड झाली वो," ते म्हणाले. "थोडं तूप दे."

मी गाडी त्यांच्यापुढं ठेवली. हळद वाळून खांद्यांवर पिवळी पडली होती. त्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं, अनोळखी बाईकडं बघावं तसं, अगदी सभ्यपणे.

"कोनाचं खेळनं होय हे?"

मी खाली बसले. इतक्या वर्षांच्या पोळ्याला ज्या माणसानं पुरणाचा घास तोंडी लावला नाही, त्यानं आज बैलाच्या आधी पोळी खाल्ली होती. माफी मिळाली म्हणून नाही, विसरला म्हणून. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, पण ते उतरल्याचं कळायला तेच घरी नव्हते. मला इतका राग आला! देवाचा, डॉक्टरांचा, त्या पोळीचा. तो विसर एक दिवस, एकच दिवस आणखी थांबला असता तर काय बिघडलं असतं?

मी पोळीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला, तो हात धरून गाडीपुढं न्यायला लागले. ते हसले. "खेळन्याले चारते का कोनी?" हात सोडवून घेतला आणि तो तुकडाही तोंडात टाकला. मग ओशाळल्यासारखे म्हणाले, "बाई, कोनाच्या घरचं जेवन होय हे? मी असाच बसलो जेवाले."

"आवतन होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"मले? कोनं देलं?"

मी गाडी त्यांच्याजवळ सरकवली. "तुमच्या गाडीनं."

त्यांनी परत गाडीकडं पाहिलं. बराच वेळ. चेहऱ्यावर काहीतरी येऊ घातलं आणि आलं नाही. "मंग या लागते," ते म्हणाले. "आवतन मोडू नाई." आणि त्यांनी तूप मागितलं.

त्या दिवशी गाडीपुढं मी काही ठेवलं नाही. कसं ठेवणार? ज्यानं आवतन दिलं त्यानं चारायचं असतं, आणि तो समोर जिवंत बसलेला असताना मी त्याची जागा कशी घेणार? वाटलं, उद्या आठवेल, परवा आठवेल. ताट झाकून ठेवलं. पुरण आंबलं. धान कापणीला आलं तेव्हा बाबा गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. लोक म्हणाले, सोनं झालं. माझ्या मनात मात्र एकच होतं, की गाडीला दोनदा आवतन गेलं आणि दोन्ही वेळा ती उपाशीच राहिली.

आज परत पोळ्याची आदली संध्याकाळ आहे. वर्षभर गाडी फडताळावर केतकीच्या जुन्या लाकडी नंदीशेजारी उभी होती. ट्रक गेले की दोघं थरथरतात. मी तिच्यावरची धूळ शिवणयंत्राच्या ब्रशनं झाडली. खांद्यावर हळदीचा डाग अजून आहे, फिकट. केतकी आली आहे, आत डाळ निवडते आहे. मघाशी येऊन म्हणाली, "आई, आपण नवीन आवतन द्यायचं की जुनंच धरायचं?" पोरगी शहाणी झाली. मी म्हटलं, जुनंच आहे, पण आठवण तर करून द्यावी लागते पाहुण्यांना.

बाजारातली पानं गरम केली. तूप-हळद लावली. वरचं मोठं झाकण न चिकटवलेलंच होतं, ते सुईनं उचलून उभं केलं. बाबा म्हणत होते ते खरं की नाही, आता कोण भांडतंय! जेवायला येणाऱ्याला दार उघडं लागतं. मग ब्लेड घेतलं आणि पुढचं छोटं झाकण, चालकाचं, जे मी बंद करून पक्कं चिकटवलं होतं, त्याची कड हळूहळू कापली. रंग उडाला, प्लास्टिकचा एक टवकाही निघाला. इतकं नेमकं केलेलं काम माझ्याच हातानं बिघडवलं. बिघडू दे. झाकण निघालं. आत अंधार होता, सुईच्या टोकाएवढा.

मी वाकले. लाज वाटली क्षणभर, केतकी दारातून बघत होती. मग वाटली नाही.

"आज आवतन घ्या," मी म्हटलं. "दफादारसाहेब, मुरुगनभाऊ, बाबा, उद्या जेवाले या. गाडी उद्या कुठीच जानार नाई."